श्रोत्यांचीं अवलक्षणें

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली म्हणजे जालना जिल्ह्यांतील रसिकांचे पाय अंबडाकडे वळूं लागतात. अंबड हें गांव एरवीं टेकडीवरील मत्स्योदरी देवीसाठीं प्रसिद्ध. परंतु दत्तजयंतीच्या निमित्तानें तेथें होणारी गाण्याची मैफल ही त्या गांवाची दुसरी दौलत आहे, आणि आचार्य गोविंदराव जळगांवकरांचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. दत्तजन्म संध्याकाळचा, पुढें सारी रात्र मोकळी. थंडीनें आखडलेलीं माणसें शाली, घोंगड्या आणि कानटोप्या सांवरीत बसतात, तंबोरे जुळतात, आणि पहिला षड्ज लागतो.

आमच्या भागांतील अशा उत्सवांना शहरांतून येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून एक तक्रार आम्ही बरींच वर्षें ऐकत आलों आहों. गाणारे मोठे, देखरेख चांगली, जेवणखाण उत्तम. पण इकडच्या श्रोत्यांना मैफलींत बसण्याची रीत म्हणून ठाऊक नाहीं! ते मध्येंच 'वाहवा' म्हणून ओरडतात, मांडीवर ताल धरतात, शेजाऱ्याला कोपरानें डिवचून 'ऐकलंस का?' असें विचारतात; जागा मिळाली कीं बसतात, चहा आठवला कीं उठतात. पुण्यामुंबईच्या सभागृहांत कशी सामसूम असते! या तक्रारींतील उठण्याबसण्याचा भाग आम्ही निमूटपणें मान्य करतों. परंतु गाणें चाललें असतां श्रोत्यानें तोंड उघडणें हा मुळांतच अपराध आहे काय, आणि असल्यास तो अपराध केव्हांपासून ठरला, हें एकदां तपासून पाहावें असें आमच्या मनांत आलें. तपासूं लागतांच पहिला साक्षीदार आमच्या जिल्ह्यांतच भेटला.

अंबडापासून फारसें दूर नसलेलें जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. १६०८ सालच्या रामनवमीस ठोसरांच्या घरीं जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षीं लग्नाच्या बोहल्यावरून पळाला, आणि पळाला तो मंगलाष्टकांतील 'सावधान' हा शब्द ऐकून, अशी कथा आहे. तो शब्द प्रत्येक लग्नांत शेंकडों माणसें ऐकतात. त्याचा अर्थ मनावर घेणारा श्रोता मात्र विरळा. अशा माणसानें पुढें श्रवणाविषयीं जें लिहिलें तें नुसत्या उपदेशकाचें लिहिणें नव्हे, जातिवंत श्रोत्याचें लिहिणें आहे. दासबोधाच्या पहिल्याच दशकांत सभेचें स्तवन येतें. ग्रंथ सांगावयास बसण्यापूर्वीं समोर जमलेल्यांना वंदन करावें, ही जुनी चाल समर्थांनीं मनःपूर्वक पाळली आहे. पण वीस दशकांचा हा ग्रंथ संपत आला असतां, अठराव्या दशकाच्या अखेरच्या समासांत, त्याच सभेची दुसरी बाजू दिसते. त्या समासाचें नांवच मुळीं 'श्रोता अवलक्षण'. ऐकावयास बसलें कीं शरीर कसें कुरकुरूं लागतें, आळस कसा येतो, डोळा कसा लागतो, मन भलतीकडेच कसें धांवतें, हें समर्थांनीं इतक्या बारकाईनें टिपलें आहे कीं, वाचतांना आपलीच कोणीं चहाडी सांगितली असें वाटावें. मांडवाबाहेर काढून ठेवलेल्या जोड्यांची काळजी ही एक बाब आम्ही आमच्या पदरची घालतों. अनुभवी वाचकांस तिचा खुलासा नको.

या समासाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों तें एका कारणासाठीं. श्रोत्याच्या दोषांचें मूळ समर्थ आवाजांत शोधीत नाहींत. अवधान नसण्यांत शोधतात. शरीरानें बसलेला पण मनानें उठून गेलेला श्रोता हा त्यांचा खरा गुन्हेगार. तो गप्प असेल, कदाचित् इतरांपेक्षां अधिक गप्प असेल, तरी गुन्हेगारच. आणि समर्थ हे कांहीं गाण्याबजावण्याचे वैरी नव्हते. कीर्तनभक्तीच्या समासांत टाळ, मृदंग, संगीत, नृत्य या सर्वांना त्यांनीं आदरानें जागा दिली आहे.

समर्थांच्या मागें जाऊं लागलें कीं देवगिरी वाटेंत लागतेंच. जालन्याच्या पश्चिमेस असलेल्या या यादवांच्या राजधानींत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. राग, ताल, वाद्यें आणि नर्तन यांचें सांगोपांग शास्त्र सांगणाऱ्या या ग्रंथांत सभापति कसा असावा आणि सभेंत कोणीं कोठें बसावें, याचाही विचार केलेला आहे. म्हणजे गाणें ऐकणारे हे गाण्याच्या शास्त्राचाच एक भाग होत, हें आमच्या या भूमींत आठशें वर्षांपूर्वीं मान्य झालेलें होतें.

पण या विषयावरील खरें मर्म त्याहून जुन्या ग्रंथांत आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांतील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या यशापयशाचा. यशाचे तेथें दोन प्रकार केले आहेत. एक मानुषी सिद्धि: प्रेक्षक स्मित करतात, मोठ्यानें हंसतात, 'साधु' म्हणतात, 'अहो' म्हणतात, करुण प्रसंगीं 'कष्टम्' म्हणून हळहळतात, एकदम कल्लोळ करतात, त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात, ते आसनावरून उठतात, नटाकडे वस्त्रें आणि अंगठ्या फेंकतात. हें सर्व यशाच्या खात्यावर जमा धरलें आहे. अपयशाच्या खात्यावर निराळ्या गोष्टी आहेत. हेव्यापोटीं प्रतिपक्षानें केलेला आरडाओरडा, फेंकलेले शेणमातीचे गोळे, आणि मुंग्या सोडणें! आमच्याकडील श्रोत्यांनीं अद्याप मुंग्या सोडलेल्या नाहींत, हें शहरांतील पाहुण्यांनीं ध्यानांत घ्यावें. यशाचा दुसरा प्रकार दैविकी सिद्धि. जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, आणि प्रेक्षागृह तर भरलेलें आहे, तेथें ती असते. मौनाला याहून मोठा मान कोणीं दिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण तें मौन दैवी कां? तें दारावर पाटी लावून मागितलेलें नाहीं म्हणून. भरताच्या हिशेबीं मौन हें प्रयोगाचें फळ आहे, प्रवेशाची अट नव्हे. 'साधु' म्हणावयास मोकळ्या असलेल्या सभेनेंच जेव्हां श्वास रोखून धरला, तेव्हांच त्या श्वास रोखण्याला किंमत.

मराठवाड्यांतील श्रोता हें शास्त्र वाचून तयार झाला, असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या शाळा निराळ्या होत्या. पहिली शाळा कीर्तनाची. नारदीय कीर्तनांत पूर्वरंग संपतांच बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, मध्यंतरीं नामाचा गजर होतो, आणि तो गजर श्रोत्यांनींच उचलावयाचा असतो. उत्तररंगांत बुवा थांबले तर समोरच्यांनीं विठ्ठलनामानें ती पोकळी भरून काढावयाची असते. आरतीपूर्वीं उठून जाणें हा मात्र अपराध. येथें बोलण्याला बंदी नाहीं. निघून जाण्याला आहे.

दुसरी शाळा दर्ग्याची. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला. तोंवर जालना आणि अंबड हे तालुके तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, म्हणजे खुलताबादच्याच जिल्ह्यांत होते. तेथें शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांची समाधि आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे हे शिष्य १३३७ सालीं वारले. 'समा' म्हणजे भक्तिगीतांचें श्रवण हा त्यांच्या साधनेचा प्राण होता. सूफींनीं या श्रवणाचेही नियम केले आहेत. बगदादच्या जुनैदांच्या नांवावर सांगितला जाणारा नियम असा कीं, समाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: योग्य काळ, योग्य स्थळ आणि योग्य सोबती. गाणारा किती मोठा, हें त्या तिहींत नाहीं! अकराव्या शतकाच्या अखेरीस गजालींनीं याच विषयावर विस्तारानें लिहिलें. श्रोत्यानें आवरून, स्वस्थ बसावें, हें तर ते सांगतातच. पण एखादा खरोखरीच भान हरपून उभा राहिला, तर इतरांनीं त्याला खालीं बसवूं नये, त्याच्याबरोबर उभें राहावें, हेंही सांगतात. एवढें सौजन्य आमच्या कोणत्या सभागृहाच्या नियमांत आहे?

तिसरी शाळा मुशायऱ्याची. निजामाच्या राज्यांत १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू झाली, १९१८ सालीं हैदराबादेंत उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ निघालें, आणि सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य भारतांत विलीन होईपर्यंत आमच्याकडील शिकल्यासवरल्या माणसाच्या कानांत ती भाषा मुरली. मुशायऱ्यांत शायरानें पहिली ओळ म्हटली कीं श्रोते ती उचलून पुन्हा म्हणतात. ओळ आवडली तर 'मुकर्रर' म्हणून पुन्हा मागतात. दुसरी ओळ कोठें पडणार हें ऐकण्यासाठीं सारी सभा मिळून जणूं पहिली ओळ उचलून धरते. श्रोता तेथें पाहुणा नसतो, मदतनीस असतो. टाळकऱ्याचा गजर, समाची तन्मयता आणि मुशायऱ्याची दाद अशा तीन घरचें पाणी प्यालेला माणूस ख्याल ऐकावयास बसला, तर त्यानें ओठ शिवून बसावें ही अपेक्षा जरा अवघड आहे.

मग सभागृहांतील सामसूम कोठून आली? तिचा इतिहास लहान आहे. राजेरजवाड्यांच्या पदरीं असलेला गवई यजमानाच्या मर्जीनें गाई आणि यजमानाच्या मर्जीनें थांबे. त्या बैठकींत अत्तर-गुलाब होते, विडे होते, आणि गाणें चाललें असतां चाललेल्या गप्पाही होत्या. १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज निघाला, त्याच्या थोडें आधीं मुंबईंत पारशी मंडळींनीं गायनोत्तेजक मंडळी काढली, आणि घरंदाज माणसानें उघडपणें गाणें ऐकावयास जाणें प्रतिष्ठेचें होऊं लागलें. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं तर गवयाला मान मिळवून देण्याचें कंकणच बांधलें होतें. तिकीट काढून ऐकावयाचें जाहीर गायन, ठरल्या वेळीं आरंभ, आणि नीट बसलेले श्रोते, या गोष्टींची आज आपणांस संवय झाली आहे. त्या काळीं त्यासाठीं झगडावें लागलें. १९१६ सालीं भातखंड्यांच्या खटपटीनें बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि गाणें हें विद्वानांच्या सभेंतही जाऊन बसलें. या शिस्तीची आम्ही थट्टा करीत नाहीं. गवयाला नोकराप्रमाणें वागविणाऱ्या यजमानाच्या गप्पा बंद करण्यासाठीं ती शिस्त आली, आणि तें तिनें केलें, हे तिचे उपकार आहेत.

इकडे त्याच काळीं संगीत रंगभूमीवर उलटाच प्रकार चालला होता. १८८० सालीं किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यांत रंगलें, आणि पुढें 'वन्समोअर' हा शब्द मराठी झाला. बालगंधर्वांच्या एकेका पदाला इतके वन्समोअर पडत कीं नाटकाला पहांट होई. कथा थांबे, दुष्यंत ताटकळे, पण कोणाला त्यांत असभ्यपणा दिसला नाहीं. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेली गोदावरी खोऱ्याची आगगाडी जालन्यावरून धांवूं लागली, आणि मुंबईकडचीं हीं सारीं वारीं मराठवाड्यांत येण्यास वाट मिळाली.

आणि ज्या युरोपाच्या नमुन्यावर सामसुमीचा हा आदर्श बेतला आहे, तेथें तरी ती कितीशी जुनी? १७७८ च्या जुलै महिन्यांत मोत्झार्टनें पॅरिसहून बापाला लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या नव्या सिंफनींतील एक जागा लोकांना आवडणार हें त्याला आधींच ठाऊक होतें; वादन चाललें असतांच त्या जागेवर टाळ्या पडल्या, आणि त्याचा त्याला राग आला नाहीं, हर्ष झाला. शंभर वर्षांनीं सारें पालटलें. १८८२ सालीं बायरॉइथ येथें वाग्नरचें 'पार्सिफल' झालें, तेव्हां टाळ्या वाजवूं नयेत असा समज तेथें पसरला. आणि पुढच्या एका प्रयोगांत फुलराण्यांच्या प्रवेशानंतर खुद्द वाग्नरनेंच 'ब्राव्हो' म्हटलें असतां भोंवतालच्या मंडळींनीं त्याला 'शूः' करून गप्प बसविलें, असें सांगतात. रचणाऱ्यालाच स्वतःच्या नाटकांत दाद देण्याची चोरी!

ही गोष्ट वाचली तेव्हां आम्हांला आमच्याकडील एक रात्र आठवली. गांवाचें नांव आम्ही सांगत नाहीं. उत्सव चांगला होता, गायक अनुभवी होते, आणि मालकंसाचा विलंबित ख्याल चालला होता. ज्यांना या गाण्याची ओळख नाहीं अशा वाचकांसाठीं एवढेंच सांगतों कीं, तालाचें चक्र फिरून ज्या मात्रेवर पुन्हा आरंभास येतें ती सम. गायक स्वरांच्या वाटेनें हवें तितकें दूर भटकतो, पण समेवर मुक्कामास यावें लागतेंच. श्रोता मनांत तीच मात्रा मोजीत असतो. दोघांची गांठ समेवर पडते, आणि त्या गांठीचा जो आवाज होतो त्याला दाद म्हणतात. गायकानें एक लांबच लांब, वळणें घेत जाणारी तान घेतली; आतां सम हुकणार असें वाटत असतां त्यानें नेमका मुखडा पकडला. आमच्या पलीकडे घोंगडी पांघरून बसलेल्या एका वृद्धाच्या तोंडून शब्द निघाले, "अरे माझ्या राजा!"

गायकानें त्याच्याकडे पाहून हात किंचित् वर केला. तेवढ्यांत छातीवर बिल्ला लावलेला एक तरुण स्वयंसेवक वांकून वांकून आला आणि म्हणाला, "बाबा, आवाज करूं नका. रेकॉर्डिंग चालू आहे." म्हातारा वरमला. त्यानंतर त्याच्या तोंडून ब्र निघाला नाहीं. अर्ध्या तासानें द्रुत रंगांत आलें असतां एक प्रतिष्ठित पाहुणे आले. त्यांच्याबरोबर आठदहा माणसें होतीं. गाणें थांबविण्यांत आलें. शाल, श्रीफळ, हार, मग दुसऱ्यांचे हार, मग पाहुण्यांचें भाषण, त्यांत शास्त्रीय संगीताची महती, मग छायाचित्रें. तंबोऱ्यांवर हात ठेवून गायक समोर पाहत बसले होते. वीस मिनिटांनीं पाहुणे गेले, आणि त्यांच्यासाठीं राखून ठेवलेला पहिल्या ओळींतील कोच पुन्हा रिकामा झाला. रेकॉर्डिंग त्या वेळींही चालूच असावें; पण तो स्वयंसेवक कोणापुढें वांकून गेला नाहीं.

भैरवीपूर्वींच म्हातारा उठला. आम्हीं बाहेर चहाच्या गाड्यावर त्याला गांठलें आणि शेवट सोडून कां निघालांत, असें विचारलें. तो म्हणाला, "गाण्यात बोलू नाही म्हन्ले. मंग मी ऐकलं हे त्याला कसं कळावं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. ध्वनिक्षेपक आणि प्रखर दिवे आल्यापासून व्यासपीठावरील गायकाला श्रोत्यांचे चेहरे दिसत नाहींत. त्याच्या दृष्टीनें समोर नुसता अंधार. पूर्वीच्या बैठकींत गायक एखादा जाणता चेहरा हेरून त्याच्यासाठीं गाई, आणि त्या चेहऱ्यावर कांहीं उमटलें नाहीं तर वाट बदली. अंधारांतून येणारी हांक हाच आतां त्याला उरलेला चेहरा आहे. ती बंद केली म्हणजे तो ध्वनिमुद्रिकेसाठीं गाणार. कोणी म्हणेल, मग काय वाटेल त्यानें वाटेल तेव्हां ओरडावें? मुळींच नाहीं. आलापाचा आरंभ चालला असतां, जेव्हां एक एक स्वर पाण्यांत दिवा सोडावा तसा सोडला जातो, तेव्हां तोंड उघडणारा माणूस आम्हांलाही नको आहे. दर चार मिनिटांनीं 'क्या बात है' म्हणून आपली जाणतेपणाची पावती आपणच फाडणारा तर त्याहून नको. हातांतील मोबाइल उंच धरून मागच्या चार जणांची दृष्टि अडविणारा श्रोता कांहीं बोलत नाहीं; पण तो ऐकतही नाहीं, पुढें केव्हांतरी ऐकूं या आशेनें साठवून ठेवतो. समर्थांच्या समासांत त्याला नक्की जागा मिळाली असती. म्हाताऱ्याला मिळाली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

त्याच उत्सवाची यंदाची पत्रिका नुकतीच हातीं आली आहे. कागद गुळगुळीत आहे, छपाई रंगीत आहे. रात्रीं ९ ते १० उद्घाटन व मान्यवरांचा सत्कार. १० ते १०.३० मनोगतें; नंतर गायन. खालीं बारीक अक्षरांत सूचना आहे कीं, कार्यक्रम चालू असतांना श्रोत्यांनीं कोणत्याही प्रकारचा आवाज करूं नये.